छोट्या मैदानाचा मास्तर



मावळाला खेळ नवा नाही. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड लागतात, कबड्डीचे सामने रंगतात. फुटबॉल मात्र इथं मागेच राहिला. कारण सरळ आहे. फुटबॉलला शंभरेक मीटर लांबीची सपाट जागा लागते. आमच्या वडगाव मावळच्या आसपास सपाट जागा म्हणजे एक तर भाताची खाचरं, नाही तर विकायला काढलेले प्लॉट. त्यातून शाळा सुरू होते जूनमध्ये आणि पाऊसही तेव्हाच. पुढचे चार महिने शाळेच्या मैदानात चिखल असतो आणि पोरं वर्गात कोंडलेली असतात.

या अडचणीवर एक उत्तर आहे. त्या खेळाचं नाव फुटसाल. त्याचा जन्मच जागेच्या अडचणीतून झाला. १९३० साली उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात, वायएमसीए या संस्थेत शिकवणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी या क्रीडाशिक्षकानं तो बसवला. बास्केटबॉलकडून त्यांनी पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटांचा वेळ घेतला, हँडबॉलकडून मैदानाचा आणि गोलचा आकार घेतला. आज आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदान वापरतात. स्थानिक सामन्यांना २५ मीटर बाय १६ मीटर जागाही चालते. जमीन कठीण आणि गुळगुळीत हवी. फरशी चालते, नीट घोटलेलं सिमेंटही चालतं.

चेंडू नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान आणि कमी उसळणारा असतो. दोन मीटर उंचीवरून सोडला तर जेमतेम गुडघ्याएवढा उडतो. म्हणून तो उंच मारून सुटका होत नाही, पायाखाली घेऊन खेळावं लागतं. मैदानावर दोन्ही बाजूंचे मिळून दहाच खेळाडू, त्यामुळे प्रत्येकाच्या पायाला चेंडू पुन्हापुन्हा लागतो. बाहेर गेलेला चेंडू चार सेकंदांत खेळात आणावा लागतो. खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात, म्हणून बाकावरच्या मुलालाही संधी मिळते. ब्राझीलचे रोनाल्डिनो, नेमार हे खेळाडू लहानपणी हाच खेळ खेळून तयार झाले.

आपल्या देशात याला उशीर झाला. राष्ट्रीय पातळीवरची क्लब स्पर्धा सुरू झाली २०२१ मध्ये आणि भारताचा पुरुष संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो २०२३ मध्ये. मधल्या काळात शहरांलगत कृत्रिम गवताची मैदानं झाली, त्यांना सगळे ‘टर्फ’ म्हणतात. तिथं तासावर भाडं असतं. नोकरदार तरुण वर्गणी काढून खेळतात. पण सातवी-आठवीतल्या शेतमजुराच्या मुलानं ते भाडं कुठून आणायचं? आणि मुलीला रात्री नऊचा तास मिळाला तर तिला घरून कोण सोडणार?

इथं मला नागपूरची आठवण करून द्यावीशी वाटते. विजय बारसे हे तिथल्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ च्या सुमारास भर पावसात त्यांनी झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. मुलं खेळात रमली होती, त्यांना चेंडू मात्र नव्हता. बारसे सरांनी तो दिला आणि मग ते तिथून हलले नाहीत. त्यांनी वस्त्यावस्त्यांचे संघ बांधले, स्पर्धा भरवल्या आणि त्याला सरळ नाव दिलं, ‘झोपडपट्टी फुटबॉल’. पुढं त्याचीच ‘स्लम सॉकर’ ही संस्था झाली. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर सरांनी स्वतःची पुंजीही या कामात घातली.

या संस्थेची मुलं बेघरांच्या विश्वचषकात खेळली. ती स्पर्धा फुटसालची सख्खी बहीण म्हणता येईल. एका बाजूला चार खेळाडू, मैदान २२ मीटर बाय १६ मीटर आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला अखिलेश पॉल हा नागपूरचा मुलगा याच चेंडूमागे आला आणि २०१० साली रिओमध्ये भारताचा कर्णधार झाला. पुढं तो स्वतः मुलांना शिकवू लागला. २०१६ मध्ये ‘फिफा’नं संस्थेला विविधता पुरस्कार दिला. २०२२ मध्ये आलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट बारसे सरांच्याच कामावरून सुचलेला.

चित्रपट पाहून आपण टाळ्या वाजवल्या. पण त्यातला धडा घेतला का? नागपुरात आधी मैदान तयार झालं आणि मग मुलं आली, असं घडलं नाही. आधी एक शिक्षक आला. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुढच्या आठवड्यातही आला. जागा, गणवेश, बक्षिसं हे सगळं नंतर.

तीस-पस्तीस वर्षं कॉलेजात मुलांना खेळवलेले शिक्षक आपल्या तालुक्यांतही दरवर्षी निवृत्त होतात. कोणत्या मुलाचा गुडघा दुखतो आणि कोण दुखण्याचं निमित्त करतो, हे त्यांना लांबून कळतं. कोणाला रागवायचं आणि कोणाला पाठीवर थाप द्यायची, हेही कळतं. शाल-श्रीफळ देऊन आपण हे ज्ञान घरी पाठवून देतो.

म्हणून ग्रामस्थांना, नगरपंचायतींना आणि शाळांना माझी विनंती आहे. तुमच्याकडची जागा एकदा टेपनं मोजा. हँडबॉलचं मैदान असेल तर ते मापानं फुटसालचंच मैदान आहे, गोलसुद्धा तेच. बास्केटबॉलचं मैदान रुंदीला एक मीटर कमी पडतं, पण सरावाला पुरतं. मोठं सभागृह असेल तर पावसाळ्यातही खेळ थांबणार नाही. सिमेंटवर घसरून चेंडू अडवू देऊ नका, सपाट रबरी तळाचे बूट असू द्या. मुलींची वेळ उजेडातली ठेवा, म्हणजे त्या येतील आणि टिकतील. आणि मग गावातल्या त्या निवृत्त सरांकडे जा. त्यांना सत्काराला बोलावू नका, संध्याकाळी पाच वाजता शिट्टी घेऊन या, एवढंच सांगा. प्रवासखर्च आणि थोडं मानधन आठवणीनं द्या. फुकटचं काम फार दिवस चालत नाही.

प्रत्येक मुलगा कर्णधार होणार नाही. पण पाच वाजता कोणीतरी आपली वाट बघतंय, हे ज्या मुलाला ठाऊक असतं, तो सहसा वाट चुकत नाही.