घरचा लेथ : उंची, दांडे आणि खटका



कडबाकुट्टीचा बुश झिजला किंवा पंपाच्या शाफ्टवरची स्लीव्ह गेली, की आपण तालुक्याच्या गावी जातो आणि टर्नरच्या दारात अख्खा दिवस घालवतो. म्हणून काही जण कोल्हापूरच्या उद्यमनगरातून, किंवा राजकोट-बटाल्याकडचा, एखादा जुना साडेचार फुटी लेथ घेऊन वस्तीवरच्या शेडमध्ये बसवतात. बेत चांगला आहे. पण गिरणीतला कामगार वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो. आपल्याला सांगणारं शेडमध्ये कोणी नसतं. तेव्हा मशीनच अशी बसवावी, की चुकलं तरी हात वाचेल.

आधी उंची बघा. ताठ उभे राहा, हात कोपरात काटकोनात दुमडा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या. चकचा मध्य साधारण तेवढ्या उंचीवर यावा. सव्वापाच ते साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हे माप चाळीस-एकेचाळीस इंच भरतं. लेथ खाली पडत असेल तर काँक्रीटचा ओटा करून त्यावर बसवा. उंच होत असेल तर पायाखाली लाकडी फळ्यांचा पाट घ्या. सिमेंटच्या जमिनीवर पाट तसाही असावाच, पोटऱ्या भरून येत नाहीत. वाकून काम करणाऱ्याचं डोकं चककडे झुकतं, आणि पाठ दुखण्यापेक्षा ते वाईट. बसवताना पाणसळ लावून बेड दोन्ही अंगांनी सारखा करा. बेडला पीळ राहिला तर काम एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतं, आणि आपण उगाच हत्याराला दोष देत बसतो.

आता दांडे. कॅरेजचं चाक डाव्या हाताला, क्रॉस स्लाइडचा दांडा उजव्या हाताला. मशीन बंद ठेवून दोन्ही फिरवून बघा, हाताला सवय होऊ द्या. क्रॉस स्लाइड अर्धा मिलिमीटर आत गेली की व्यास एक मिलिमीटरनं कमी होतो. काही डायलवर हा हिशेब धरूनच खुणा केलेल्या असतात, काहींवर नसतात. म्हणून पहिल्या दिवशी टाकाऊ सळईवर काप घेऊन, मोजून खात्री करा. जुन्या स्क्रूला ढिलाई असते. दांडा थोडा जास्त फिरला तर नुसता तेवढाच मागे घेऊ नका. अर्धा फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे येत माप गाठा.

हत्याराचं टोक टेलस्टॉकच्या सेंटरशी जुळवून बरोबर मध्यावर ठेवा. खाली लावायचे पत्र्याचे तुकडे ज्या त्या हत्यारालाच दोऱ्यानं बांधून ठेवले की दर वेळची शोधाशोध वाचते. वेगाचा हिशेब सोपा आहे. साध्या पोलादाला हायस्पीडचं हत्यार असेल तर मिनिटाला तीस मीटर धरा. तीसला ३२० नं गुणा आणि व्यासाच्या मिलिमीटरनं भागा. चाळीस मिलिमीटरच्या सळईला मिनिटाला २४० फेरे येतात.

आता खटक्याचं सांगतो. हे माझ्याच शेडमध्ये झालेलं आहे. माझ्या लेथला भिंतीवरचा साधा चालू-बंद खटका होता. पितळी बुशचं भोक वाढवत असताना वीज गेली आणि चक थांबला. म्हटलं, तोवर माप घेऊ. कॅलिपर भोकात घातला, खटका मात्र तसाच चालू. वीज आली. कॅलिपर भिंतीवर जाऊन आपटला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची नखं गेली. बोटं राहिली, हे नशीब.

पंपाच्या स्टार्टरला आपण ऑटो लावतो, रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. लेथला हे चालणार नाही. लेथला नो-व्होल्ट कॉइलचा, दोन बटणांचा स्टार्टर लावा. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. सिंगल फेज मोटरलाही असा स्टार्टर मिळतो. लाल बटण अशा जागी हवं, की चकवरून हात न नेता दाबता येईल. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. चक आट्यांवर बसणारा असेल तर चालत्या मशीनला उलटी फिरवू नका, चक सुटून खाली येतो.

चकची चावी हातातून सुटली पाहिजे ती थेट खुंटीवर, चकमध्ये ठेवून क्षणभरही वळू नका. हातमोजे, अंगठी, घड्याळ, गळ्यातलं उपरणं काढून ठेवा. बाह्या कोपराच्या वर घ्या. बाईमाणूस मशीनवर असेल तर पदर खोचून पुरत नाही, वरून घट्ट बाह्यांचा शर्ट घालावा आणि वेणी बांधून आत घ्यावी. लोखंडाचा कीस लांब, गरम आणि धारदार निघतो. तो आकड्यानं ओढा, तोही मशीन थांबवून. कानस लावायची झाली तर मूठ डाव्या हातात धरा, म्हणजे डावा कोपर फिरत्या चकवरून जात नाही. सुरुवातीला हे अवघड वाटतं. बिनमुठीची कानस तर लावूच नका. डोक्यावर लुकलुकणारी ट्यूब नको, तिच्या उजेडात फिरता चक थांबल्यासारखा भासू शकतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

जोडसामानात आधी चार जबड्यांचा चक घ्या. शेतातले तुटके बिडाचे भाग क्वचितच गोल असतात, ते तीन जबड्यांत नीट धरत नाहीत. मग टेलस्टॉकसाठी ड्रिल चक आणि फिरतं सेंटर. सळई चकबाहेर व्यासाच्या तिप्पटीहून जास्त निघत असेल तर टेलस्टॉकचा टेकू द्या. लांब शाफ्टसाठी स्टेडी रेस्ट लागेल, पण तो काम निघेल तेव्हा बघता येईल.

हत्याराला धार कशी लावायची, ते पुढच्या भाषणात सांगेन. तोवर एवढं करा. मशीन चालू असताना, हत्यार कामापासून दूर ठेवून, घरातल्या कोणाला तरी शेडचा मेन खटका बंद करून परत चालू करायला सांगा. चक आपोआप फिरू लागला तर त्याच दिवशी स्टार्टर आणा. नमस्कार.