पिकअप नुसती खटखट करते

कापूस भरून परभणीच्या मोंढ्याला निघायचं, अन् किल्ली फिरवली की पिकअप नुसती खटखट करते. तेव्हा दिवे लावून पुन्हा किल्ली फिरवा. दिवे मंदावले तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल ढिले किंवा क्षार धरलेले आहे. वजा खुणेची तार आधी काढा, बॅटरीची टोपणे घट्ट लावून सोड्याच्या कोमट पाण्याने टर्मिनल घासा, पुसा. जोडताना तीच तार शेवटी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 42 अंशांपुढे जातो, बॅटरीतले पाणी आटते. डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे नको.

दिवे लख्ख अन् एकच ‘खट्’, तर दोष बहुधा सेल्फचा. घाई असते, मान्य. पण पाना टेकवून सेल्फ फिरवू नका. गिअरमधली गाडी अंगावर येते. मिस्त्रीला बोलवा.