राक्षसभुवनची लढाई आणि गटाची वही

आज बचतीचा हिशेब जरा बाजूला ठेवू आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाची माहिती घेऊ. गेवराई तालुक्यातलं, गोदाकाठचं राक्षसभुवन. आपल्यातल्या बऱ्याचजणी शनिदेवाच्या दर्शनाला तिथं जाऊन आल्या असतील. पण या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकातही आहे.

१० ऑगस्ट १७६३ रोजी इथं मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. पानिपतचा घाव ताजा होता. त्याच वर्षी निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं होतं. माधवराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे. निजाम काही फौज घेऊन गोदावरी उतरून गेला, बाकीची फौज दिवाण विठ्ठल सुंदर याच्यासोबत अलीकडं राहिली. राघोबादादा आणि माधवराव तिच्यावर तुटून पडले. नदीला पूर, त्यामुळं पलीकडून निजामाला मदत धाडता येईना. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि मराठे जिंकले.

म्हणजे निकाल तलवारीनं लावला, तसा पाण्यानंही लावला. नदीकाठच्या बाईला हे वेगळं सांगायला नको. आता वर पैठणला जायकवाडीचं धरण आहे, तरी दरवाजे उघडले की खालच्या गावांना सावध राहावं लागतं.

पुस्तकात सरदारांची नावं आहेत. त्या दिवशी गावातल्या बायांनी लेकरं कुठं नेली, दाणे कुठं लपवले, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आपल्या आजच्या गावाचंही तसंच होईल. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. लेकरं फडावर, कोपीत वाढतात. त्यांना गाव सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया घरी आहेत, पण त्या दरवर्षी कमी होत चालल्यात.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ता जमा झाल्यावर अर्धा तास थांबू. गटातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला विचारू: जुनी विहीर कोणी खोदली? शेतांना, ओढ्यांना काय नावं आहेत? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कुठं जात होतात, सुकडी कुठं मिळायची? जिला लिहिता येतं तिनं ते वहीत उतरवून घ्यावं. खाली तारीख घालावी आणि सांगणाऱ्या बाईचं पूर्ण नाव लिहावं.