बेणारेबाईंना मिळालेले दहा सेकंद

(बदलापूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचं पुष्प सुलभा देशपांडे यांच्यावर गुंफायचं ठरलं, तेव्हा संयोजकांपैकी एका तरुण मुलीनं मला विचारलं, "काका, सुलभा देशपांडे म्हणजे 'इंग्लिश विंग्लिश'मधल्या सासूबाई ना?" मी म्हटलं, हो, त्याच. तिला त्या सासूबाई आठवतात याचा मला आनंद झाला. २०१२ सालचा तो चित्रपट. गौरी शिंदे दिग्दर्शिका, श्रीदेवी नायिका. इंग्रजी येत नाही म्हणून नायिकेला, शशीला, तिची स्वतःची मुलगी हिणवते, नवराही सहज बोलून जातो. त्या घरात सासू मात्र तिच्या बाजूची आहे. सुलभाताईंच्या वाट्याला वाक्यं मोजकीच आली आहेत. तरीही सुनेकडे बघणारा तो चेहरा त्या मुलीच्या लक्षात राहिला. का राहिला, हे शोधत मागं जायचं तर पंचेचाळीस वर्षं मागं, १९६७ सालापर्यंत जावं लागतं.

सुलभाताईंचा जन्म १९३७ सालचा, मुंबईतला. माहेरच्या त्या कामेरकर. वडील वसंतराव कामेरकर एचएमव्ही या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीत. ज्या घरात आवाज, सूर, उच्चार हाच पोटापाण्याचा विषय, त्या घरातल्या मुलीचा कान लहानपणीच तयार झाला असणार, असं मला वाटतं. पुढं त्या दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका झाल्या. मुलांची नाटकं बसवू लागल्या. विजयाबाई मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, डॉ. लागू ही मंडळी 'रंगायन' या नाट्यसंस्थेत जमली होती, त्यांच्यात सुलभाताई आल्या. अरविंदरावांशी त्यांचं लग्न झालं. हे सगळं मी चार ओळींत सांगितलं, कारण मला लवकर त्या खोलीत शिरायचं आहे जिथं बेणारेबाई बसल्या आहेत.

'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक तेंडुलकरांनी 'रंगायन'साठी, राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्तानं लिहिलं. त्याचं बीज पार्ल्यातलं. एक हौशी मंडळी नाटकाच्या जागेचा पत्ता शोधत होती, तेंडुलकर त्यांना वाट दाखवायला सोबत निघाले. ती मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला चालली होती. वाटेवरच्या त्यांच्या गप्पांतून नाटक सुचलं. डिसेंबर १९६७ मध्ये ते रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे.

आपल्या भागातल्या लोकांना या नाटकाची ओळख करून द्यावी लागत नाही, कारण ते नाटक आपल्यासारख्यांचंच आहे. चाळीतली एक संस्था, गाडीनं गावात प्रयोगाला आलेली. नापास होत राहिलेला पोंक्षे, वकिली न चालणारा सुखात्मे, काशीकरांच्या तुकड्यांवर वाढलेला रोकडे. माझं लहानपण अंबरनाथला कारखान्याच्या वसाहतीत गेलं. आमच्याकडेही अशीच मंडळी होती. ऑर्डनन्स आणि विमको या कारखान्यांतले कामगार पाळी संपवून, हातपाय धुऊन तालमीला बसायचे. पेट्रोमॅक्स, चहाची किटली, एकच वही आणि त्या वहीभोवती सहाजण. अडचण एकच असायची, बाई मिळायची नाही. घरोघरी विचारायला जायचं, वडील नाही म्हणायचे, आई दाराआडून मान हलवायची. शेवटी मुंबईहून कुणाला तरी पैसे देऊन आणायचं आणि तिला शेवटच्या गाडीत बसवून द्यायला दोघांनी स्टेशनवर जायचं. ती गाडीत बसली की त्या दोघांपैकी कुणीतरी तिच्याबद्दल काहीतरी बोलायचा. मी नऊ-दहा वर्षांचा होतो, एकदा कंदील धरायला सोबत गेलो होतो. काय बोलले ते मला तेव्हा कळलं नाही. बेणारेबाई वाचल्यावर कळलं.

नाटकाची सुरुवात आठवा. त्या गावातला सामंत हॉलचं दार उघडतो. त्याच्या हातात भाच्यासाठी घेतलेला हिरव्या कापडाचा पोपट आहे. बेणारेबाई बोट चोखत उभी, दाराच्या कडीत बोट सापडलं आहे. सामंत सांगतो की ही कडी बेरकी आहे, जरा बाहेर राहिली आणि दार लोटलं की माणूस आत अडकतो. प्रेक्षक हसतो, विसरतो. दीड तासानं तीच बाई बॅग उचलून दाराकडे धावते, आणि दार बाहेरून बंद. केवढी कारागिरी आहे ही! आणि नटीला त्यातून काय मिळतं ते बघा. पहिल्या प्रवेशात दुखलेलं बोट सांभाळत ती गाते, नकला करते, सगळ्यांच्या फिरक्या घेते. तिला हे करता आलं पाहिजे, इतकं लख्ख की पुढचं सगळं जाऊन भिडावं.

मग खेळ म्हणून कोर्ट सुरू होतं. आरोप भ्रूणहत्येचा, आरोपी बेणारे. पहिल्यांदा ती टिंगल करते. हळूहळू खेळात खरं मिसळतं. गैरहजर असलेल्या प्राध्यापक दामल्यांचं नाव निघतं. तिच्या पोटात त्यांचं मूल आहे, तिनं कुणाकुणाला लग्नाचं विचारलं, तिच्या पर्समध्ये ढेकणांच्या औषधाची बाटली कशाला होती, हे सगळं साक्षीपुराव्यात बाहेर काढलं जातं. आणि इथं नाटककारानं नटीची खरी परीक्षा घेतली आहे. कारण दुसऱ्या अंकानंतर बराच वेळ बेणारेबाईला बोलायलाच नाही. ती बसली आहे. बाकीचे सगळे तिच्याबद्दल बोलताहेत, ती ऐकते आहे.

रंगमंचावर बोलणं शिकवणारे पुष्कळ आहेत. ऐकणं कोण शिकवतं? समोरचा नट बोलत असताना पुढच्या वाक्याची वाट बघणारा नट आपण लगेच ओळखतो. त्याचे डोळे समोरच्यावर असतात, पण कान स्वतःच्या वाक्यावर. सुलभाताई शिक्षिका होत्या हे मला इथं महत्त्वाचं वाटतं. वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात, एकजण उत्तर देताना अडखळतो, बाकीचे कुजबुजतात. चांगल्या बाईंचं लक्ष अडखळणाऱ्याकडे असतं आणि कान मागच्या बाकावर. हे काम रोज पाच-सहा तास केलेली बाई आरोपीच्या पिंजऱ्यात बसली. लीला बेणारेही शिक्षिकाच. तिच्याकडून काय काढून घेतलं जाणार? तिचा वर्ग. नोकरी गेली, म्हणजे मुलं गेली. याची किंमत काय असते ते सुलभाताईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटी न्यायाधीश काशीकर आरोपीला बोलायला वेळ देतात. किती? दहा सेकंद. तेवढ्या दहा सेकंदांत कोर्टातली सगळी माणसं थिजतात आणि बेणारेबाईचं ते स्वगत येतं. तालमी सुरू असताना, दिग्दर्शकाच्या आग्रहामुळं तेंडुलकरांनी ते लिहिलं. आज ते अभिनयाच्या परीक्षांना आणि एकपात्री स्पर्धांना इतक्या वेळा म्हटलं जातं की ते सुट्टं स्वगत आहे असंच मुलींना वाटतं. माझी कळकळीची विनंती आहे, आपल्या ज्या मुली ते पाठ करताहेत त्यांनी आधीचे अडीच अंक आधी वाचावेत. ते स्वगत त्या मौनातून आलं आहे. इतका वेळ जे ऐकून घेतलं, त्याचा तो उमाळा आहे. तिच्यावर आरोप भ्रूणहत्येचा, आणि निकाल काय? तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या गुन्ह्यासाठी पिंजऱ्यात उभं केलं, तोच गुन्हा करायची शिक्षा. गर्भपाताला मुभा देणारा कायदा आपल्या देशात १९७१ साली झाला, म्हणजे नाटकानंतर चार वर्षांनी. त्या आधीच्या काळात, भर सभागृहात, एका नोकरदार मराठी बाईनं ते स्वगत ऐकवलं.

त्याच वर्षी, १९७१ मध्ये, सत्यदेव दुबे यांनी या नाटकाचा चित्रपट केला. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचं. अमरीश पुरी, अमोल पालेकर यांच्या चित्रपटातल्या कामाची ही सुरुवातीची पावलं. ज्यांना प्रयोग बघायला मिळाला नाही, त्या माझ्यासारख्यांच्या हाती बेणारेबाईंचा तो चेहरा या चित्रपटामुळं राहिला. मी तो कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीत पाहिला. बदलापूरला परत येताना गाडीत आम्ही तिघं मित्र होतो, कल्याण येईपर्यंत एकही बोलला नाही.

याच सुमारास 'रंगायन'मधून बाहेर पडून अरविंद देशपांडे, सुलभाताई, अरुण काकडे यांनी 'आविष्कार' ही संस्था काढली. आणि इथं सुलभाताईंच्या आयुष्यातलं दुसरं मोठं काम सुरू होतं. माझ्या मते ते बेणारेइतकंच मोठं आहे, फक्त त्याचे फोटो नाहीत. प्रायोगिक नाटकांना जागा नव्हती. भुलाभाई इन्स्टिट्यूट, वालचंद टेरेस या जुन्या जागा गेल्या होत्या. व्यावसायिक थिएटरचं भाडं परवडणारं नव्हतं. तेव्हा, १९७४ पासून, छबिलदास शाळेचा हॉल 'आविष्कार'ला मिळाला. ज्या शाळेत सुलभाताई शिकवत, तीच शाळा. दिवसा मुलांची प्रार्थना, संध्याकाळी नाटक.

दादर स्टेशनवर उतरून छबिलदासच्या गल्लीत शिरलं की आधी वड्याच्या तेलाचा वास येतो. श्रीकृष्णचा वडा खाऊन, जिना चढून वर जायचं. वर पडद्याला पैसे नाहीत, नेपथ्याला पैसे नाहीत. नट इतका जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम दिसायचा. बादल सरकारांचं 'जुलूस' अमोल पालेकरांनी तिथं केलं. पुढची अठरा-एक वर्षं महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातून आलेला, खिशात पैसे नसलेला पण हातात संहिता असलेला मुलगा त्या हॉलमध्ये उभा राहू शकत होता. 'छबिलदास चळवळ' हे नाव लोकांनी नंतर दिलं. शाळेच्या एका हॉलवरून एका पिढीच्या रंगभूमीला नाव पडावं, हे आणखी कुठं घडल्याचं मला आठवत नाही.

आपल्या इथून, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथून, तिथं जाणारी मुलं शेवटच्या गाडीचा हिशेब मनात ठेवून नाटक बघायची. नाटक लांबलं की पाय हलायला लागायचे. पण उठून जाववत नसे. मी स्वतः एक रात्र कल्याणच्या फलाटावर काढली आहे, आणि त्या रात्रीचा मला आजही पश्चात्ताप नाही.

'आविष्कार'ची मुलांची शाखा म्हणजे 'चंद्रशाला'. तिचं 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. हट्टी, आळशी दुर्गा बदलत जाते, एवढीच गोष्ट. रंगमंच मुलांनी भरलेला आणि त्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं की आपण इथं कशासाठी आहोत. एवढ्या मुलांना वर्षानुवर्षं सांभाळणं, एक पिढी मोठी झाली की दुसरी उभी करणं, हे शाळेतल्या बाईंनाच जमावं. १९७८ मध्ये त्यांनी 'राजा रानी को चाहिए पसीना' हा मुलांचा हिंदी चित्रपटही दिग्दर्शित केला. १९८७ च्या जानेवारीत अरविंदराव गेले. त्याच वर्षी सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षाविषयी मी आणखी काही बोलणार नाही. काम थांबलं नाही, एवढंच.

चित्रपटांत त्यांना बहुतेक वेळा आई केलं गेलं. याबद्दल मला वाईट वाटतं. बेणारे करणाऱ्या नटीला मोठ्या पडद्यानं आणखी मोठी कामं द्यायला हवी होती. पण त्या आयांकडे नीट बघा, एक दुसरीसारखी नाही. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'मध्ये, १९७७ साली, त्या स्मिता पाटीलच्या आई झाल्या. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेला हा चित्रपट. मुलीनं सिनेमात जाऊ नये म्हणणारी ही आई कठोर आहे, पण तिचं भय खरं आहे. त्याच वर्षीच्या 'जैत रे जैत'मध्ये त्याच बाई ठाकरवाडीत दिसतात.  आणि १९९१ चा 'चौकट राजा'. दिलीप प्रभावळकरांचा नंदू, वयानं वाढलेला, मनानं लहान राहिलेला, आणि त्याची आई. आपल्या माघारी याचं काय होईल, हे त्या आईनं एकदाही मोठ्यानं म्हटलं नसतं तरी चाललं असतं. नंदू बडबडत असतो तेव्हा ती ज्या तऱ्हेनं ऐकते, त्यात ते सगळं आहे. असं मूल जिच्या घरात आहे अशा एका आईनं मला सांगितलं होतं, "ती बाई नाटक करत नव्हती हो, ती थकली होती." मला अभिनयावरचं याहून मोठं भाष्य माहीत नाही.

४ जून २०१६ रोजी सुलभाताई गेल्या.

आता मे महिना. गेली काही वर्षं मी इथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांचं नाट्यशिबिर घेतो. परवाची गोष्ट. मुलांना एक खेळ दिला होता: एकानं काहीही सांगायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं, मान डोलवायची नाही, हं म्हणायचं नाही. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून येणारी एक मुलगी आहे, घरी सिंधी बोलतात. मराठी अडखळतं म्हणून ती मागं मागं राहायची. तिच्यासमोर एक मुलगा त्याच्या हरवलेल्या कुत्र्याबद्दल सांगत होता. सांगता सांगता तो थांबला, कारण बाकीची सगळी मुलं त्याच्याकडे न बघता तिच्याकडे बघत होती. आठ वाजले होते. हॉल बंद करायची वेळ झाली म्हणून शाळेचे शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात आले. मी हातानं खूण केली, दहा मिनिटं. त्यांनी दार तसंच उघडं ठेवलं, चपला बाहेर काढल्या आणि मागच्या बाकावर येऊन बसले.