पोटदुखीच्या केसपेपरआड



बालाघाटाच्या डोंगररांगांतल्या जळकोटात सर्वांचे मनःपूर्वक स्वागत! एका अंगाला लातूरचे उदगीर-अहमदपूर, दुसऱ्या अंगाला नांदेडचे मुखेड-कंधार. त्यामुळे ही परिषद दोन्ही जिल्ह्यांच्या घरचीच.

इथल्या ओपीडीत एक प्रकार सर्वांच्या ओळखीचा आहे. नववीतले पोर पोट दुखते म्हणून येते, गोळी घेऊन जाते, पंधरवड्याने पुन्हा येते. “अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय!” असे सोबतचे माणूस सांगते. पण या पोटदुखीआड नैराश्य असू शकते; या वयात ते रडण्यातूनच दिसते असे नाही. चिडचिड, उडालेली झोप, सुटलेला खेळ, घसरलेले गुण यांतूनही ते बोलते. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेली मुले आणि परीक्षांच्या कसून तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’साठी घर सोडून वसतिगृहात आलेली मुले यांच्याकडे तर अधिकच लक्ष हवे.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला.

एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचे? पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्रातच हवी. मुलाशी पाच मिनिटे एकट्याने बोलावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. त्रास सौम्य असेल तर समुपदेशन, झोप-खेळाची घडी आणि ठरलेल्या तारखेला फेरभेट. मध्यम किंवा तीव्र असेल तर औषधाचा विचार. अमेरिकेत नैराश्य असलेल्या ४३९ किशोरवयीनांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध आणि समुपदेशन एकत्र घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के बारा आठवड्यांत सुधारले. नुसत्या औषधाने ६१ टक्के. मात्र औषधाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात भेटी लवकर लवकर घ्याव्या लागतात. धोका दिसला तर मुलाला एकटे न सोडता लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक केंद्राच्या भिंतीवर हवाच.

गोव्यातल्या ‘मानस’ प्रयोगात प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी शासकीय आरोग्य केंद्रांतल्या नैराश्य-चिंतेच्या प्रौढ रुग्णांना आधार दिला आणि बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले. किशोरांसाठी तशी घडी आपल्या आशाताई आणि आरोग्यसेविकांना धरून कशी बसवायची, यावरच पहिले सत्र आहे.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर पोटात घालावे. अध्यक्षांनी सूत्रे स्वीकारावीत, ही स्वागत समितीची विनंती.