शिकवणी : हौस की निकड?

शाळेची फी भरूनही सायंकाळच्या शिकवणीची तजवीज करणाऱ्या पालकांना केवळ गुणांचा लोभ असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण ज्या वर्गात साठ-साठ मुले बसतात आणि शिक्षकास अवघ्या अर्ध्या-पाऊण तासात हजेरीही उरकावी लागते, तेथे मागे पडलेल्या मुलास अपूर्णांक कोणी व केव्हा समजवावेत, हा प्रश्न अखेर घरीच येऊन पोहोचतो. घरी आईवडील दोघेही नोकरीनिमित्त बाहेर. आणि मूल इंग्रजी माध्यमात, तर पालक मराठी शाळेत शिकलेले असले, म्हणजे अभ्यास घेण्याची इच्छा असूनही इलाज चालत नाही. शेजारची मुले जातात म्हणून आपलेही धाडावे, हे कारण मात्र कोणी कबूल करीत नाही, जरी माझ्या मते तेच सर्वांत प्रबळ असते. लातुरात तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांसाठी परजिल्ह्यांतील मुले बिऱ्हाड करून राहतात. मात्र शिकवणी कोणी घ्यावी यास मर्यादा आहे; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमान्वये शाळेतील शिक्षकास खाजगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. तेव्हा वर्गशिक्षकच स्वतःच्या शिकवणीचा आग्रह धरीत असल्यास पालकांनी ती गोष्ट बेलाशक मुख्याध्यापकांच्या कानी घालावी.