भाड्याची मोटार आणि ओरखड्याचा हिशेब



लग्नकार्यासाठीं भाड्यानें भांडीं आणण्याचा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांवर केव्हां ना केव्हां आलेला असेल. पातेलीं, पराती, ओगराळीं मोजून घ्यावयाचीं, कार्य आटोपलें कीं मोजून परत करावयाचीं, आणि एखादें ओगराळें कमी भरलें तर त्याचे पैसे निमूटपणें द्यावयाचे, असा हा साधा व्यवहार आहे. त्यांत कागद थोडे, आणि कुरकूर त्याहूनही थोडी. कारण घेतांना दोन्ही बाजूंनीं मिळून मोजलेलें असतें. आज मी ज्या व्यवहाराविषयीं बोलणार आहें त्यांत वस्तु पातेल्याहून मोठी आहे, कागद पुष्कळ आहेत, आणि मोजणी मात्र बहुधा होतच नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत माझ्या भाचीला लातुरास शिकावयास ठेवण्याचें ठरलें. मराठवाड्यांतील पुष्कळ घरांना दहावीच्या निकालानंतर लातूरची वाट धरावी लागते, तशी ती आम्हांसही धरावी लागली. गादी, पेटी, पुस्तकें आणि माणसें मिळून सामान बरेंच होतें. म्हणून नांदेडांतच आपण स्वतः चालवावयाची एक मोटार दोन दिवसांकरितां भाड्यानें घेतली. दहा हजार रुपये अनामत ठेवली, बारीक अक्षरांच्या चार पानांवर सह्या केल्या, आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करीत आम्ही लातुरास पोहोंचलों. मुलीला वसतिगृहांत ठेवलें, तिच्या आईचे डोळे पुसून झाले, आणि दुसऱ्या दिवशीं रात्रीं नऊच्या सुमारास नांदेडला परत येऊन मी किल्ली कचेरींत दिली. तेथील तरुणानें अंधारांतच गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि "ठीक आहे, काका" असें म्हटलें. मीही घरीं गेलों.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मोबाइलवर संदेश आला. नवा बंपर १४,५०० रुपये. रंगकाम ६,००० रुपये. गाडी आठ दिवस बंद राहणार म्हणून दिवसाला २,२०० प्रमाणें १७,६०० रुपये. आणि कचेरीचा खर्च ३,००० रुपये. एकूण ४१,१०० रुपये. अनामत जप्त करून बाकीचे ३१,१०० तीन दिवसांत भरावे, अशी आज्ञा होती. अनामतीचे ते दहा हजार भाचीच्या वसतिगृहाच्या पुढील हप्त्यासाठीं बाजूस काढलेले होते, हें मी त्या कचेरीस सांगूं शकत नव्हतों, आणि सांगून उपयोगही नव्हता.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. लातुरांत गंजगोलाईजवळ गाडी मागें घेतांना एका हातगाड्याचा कोपरा बंपरच्या डाव्या बाजूस लागला होता व तेथें वीतभर ओरखडा उठला होता. मीं तो पाहिला होता. पण किल्ली देतांना त्याविषयीं चकार शब्द काढला नाहीं. कोणी विचारलें नाहीं, म्हणून आपण सांगितलें नाहीं, अशी मनाची समजूत घातली. आतां चार ओळींचा तो संदेश वाचतांना त्या मौनाची लाज वाटूं लागली. "देऊन टाका एकदाचे, भांडण नको" असा घरांतून सल्ला मिळाला, आणि अपराधी मनाला तो क्षणभर पटलाही.

परंतु हिशेब पुन्हा वाचला तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. माझा अपराध वीतभर होता. आणि मागणी अख्ख्या बंपरची, शिवाय आठ दिवसांच्या भाड्याची. माझ्या हातून चूक झाली हें खरें, पण म्हणून समोरचा जें मागेल तें देणें लागतों, असें कोठें ठरलें?

आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं १८७२ च्या करार कायद्याचीं तीन-चार कलमें उघडून दाखविलीं. हा कायदा जुना खरा, पण आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें तो आपल्याकडे १९५१ सालीं लागू झाला. त्याच्या १५१ व्या कलमाप्रमाणें दुसऱ्याची वस्तु ताब्यांत घेणारानें, सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे. १५० वें कलम सांगतें कीं, भाड्यानें दिलेल्या वस्तूंत मुळांतच दोष असेल तर त्यापासून होणाऱ्या नुकसानीस देणारा जबाबदार आहे. तो दोष त्याला ठाऊक असो वा नसो. आणि ७४ वें कलम तर आमच्या प्रकरणाचा गाभाच होय. करारांत दंडाचा आंकडा लिहिलेला असला, तरी वसूल होते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आंकडा ही फक्त तिची कमाल मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं फतेहचंद यांच्या प्रकरणांत या कलमाचा अर्थ स्पष्ट केला, आणि २०१५ सालीं कैलाशनाथ यांच्या प्रकरणांत, जेथें नुकसानच नाहीं तेथें या कलमाखालीं भरपाईही नाहीं, असें सांगितलें. सारांश, भरपाई ही झालेल्या नुकसानीची असते. ती शिक्षाही नव्हे आणि धंद्यांतील मिळकतही नव्हे.

मग मीं कचेरीस पत्र लिहिलें. त्याच्या पहिल्या ओळींतच डाव्या बाजूचा ओरखडा माझ्या हातून झाला असें मान्य केलें. नंतर चार गोष्टी मागितल्या: गाडी माझ्या स्वाधीन करण्यापूर्वींचीं छायाचित्रें, दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजचें बिल, गाडी गॅरेजांत कोणत्या दिवशीं गेली व कोणत्या दिवशीं बाहेर आली याची नोंद, आणि विम्याकडे मागणी केली आहे कीं काय, याचें उत्तर. शेवटची गोष्ट मुद्दाम विचारली. एकाच ओरखड्याचे पैसे विम्याकडून व भाडेकऱ्याकडून असे दोनदां घेणें कोणत्याच न्यायांत बसत नाहीं. शिवाय सामान्य विमापत्रांत प्लास्टिकच्या भागाची झीज निम्मी धरतात, पत्र्याची गाडीच्या वयाप्रमाणें धरतात. जुन्या बंपराच्या जागीं कोरा बंपर पूर्ण किंमतीनें भाडेकऱ्याकडून मागतांना हा विचार कोठें जातो?

कचेरीच्या व्यवस्थापकांनीं मला बोलावलें. "काका, खालीं सही तुमचीच आहे ना?" असा त्यांचा पहिला प्रश्न.

"सही माझीच आहे," मी म्हणालों, "आणि ओरखडाही माझाच आहे. पण उजवीकडची चीर माझी नव्हे."

आणि मीं त्यांच्यापुढें एक छायाचित्र ठेवलें. निघतांना भाचीनें साऱ्या कुटुंबास गाडीपुढें उभें करून तें हौसेनें काढलें होतें. त्यांत मामी पदर सांवरीत आहे, मेहुण्यांचे डोळे मिटलेले आहेत, आणि त्यांच्या गुडघ्याशेजारीं बंपरच्या उजव्या बाजूची जुनी चीर स्पष्ट दिसते आहे. वेळेची नोंद मोबाइलनें आपण होऊन ठेवली होती. गाडी नीट पाहून घेण्याचें जें काम मीं करावयाचें, तें एका मुलीच्या हौसेनें केलें होतें.

पांच आठवडे पत्रव्यवहार चालला. अखेर बिल आलें. बंपर बदललेला नव्हता. घासून रंगविला होता. गाडी गॅरेजांत आठ दिवस नव्हे, एक दिवस होती. डाव्या बाजूच्या रंगकामाचे ३,५०० आणि एका दिवसाचें भाडें २,२००, मिळून ५,७०० रुपये मीं आनंदानें दिले. ४,३०० परत मिळाले. व्यवस्थापकांनीं जातांना चहा पाजला आणि म्हणाले, "काका, दहापैकीं नऊ गिऱ्हाइकें ओरखडा लपवितात, आम्हीही मग सगळ्यांचा मिळून एकाकडून वसूल करतों." या बोलण्यांत या धंद्याचें सारें दुखणें आलें. त्यांनाही बँकेचे हप्ते आहेत, आणि गिऱ्हाईकही सदा निर्दोष नसतें. पण नऊ जणांच्या लपवाछपवीचा भार दहाव्यानें कां वाहावा?

आपणांवर असा प्रसंग येऊं नये म्हणून थोडें सांगतों. गाडी घेतांना चारी बाजू, कांचा, टायर, बंपरची खालची कड, इंधनाचा कांटा व किलोमीटरचा आंकडा यांचीं छायाचित्रें तेथेंच काढा व तीं कचेरीसही तेथूनच पाठवा. परत देतांना उजेड असूं द्या, आणि लेखी पोंच घेतल्याशिवाय किल्ली सोडूं नका. स्वतः चालवावयाच्या भाड्याच्या मोटारीची पाटी काळी व अक्षरें पिवळीं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तांत देऊं केली तर मोह आवरा; खासगी विमापत्रांत भाड्याच्या वापराला संरक्षण नसतें, आणि अपघात झाल्यास ओरखड्याची गोष्ट राहूनच जाते.

इतकें करूनही तंटा मिटला नाहीं तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवा आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें गाडी परगांवीं घेतली असली तरी आपण राहतों त्या जिल्ह्यांत तक्रार करतां येते. वकील लावलाच पाहिजे असें नाहीं. मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाहीं. मात्र दोन वर्षांच्या आंत गेलें पाहिजे. नुकसानीच्या मानानें अगदीं बेसुमार दंड लादणाऱ्या करारास हा कायदा अनुचित करार म्हणतो. पण मूळ करारच अनुचित आहे असें म्हणावयाचें असेल तर दाद राज्य आयोगाकडे मागावी लागते.

भाची दिवाळीला घरीं आली तेव्हां तिला हें सर्व सांगितलें. तिनें विचारलें, "मामा, तुम्ही त्या रात्रींच सांगितलं असतं तर?" माझ्याजवळ उत्तर नव्हतें. भांड्यांच्या दुकानांत एक ओगराळें हरवलें तर आपण तेथल्या तेथें सांगतों. तेवढें मी मोटारीच्या बाबतींत करूं शकलों नव्हतों. पुढच्या खेपेस गाडी घेईन तेव्हां मोजून घेईन, मोजून देईन, आणि कमी भरेल तें विचारण्यापूर्वीं सांगेन. मग त्याहून एक पैसाही जास्त कां द्यावा, हें विचारतांना माझा आवाज खालीं येणार नाहीं.